वरच्याचं पाणी

काका पाणी पीत नसत.

अगदीच नाही असं नाही. सकाळी अर्धा कप चहा, संध्याकाळी खाली उतरल्यावर ग्लासभर पाणी. दिवसभरात तेवढंच. हे मला कळायला बराच काळ लागला. शेजारचा माणूस काय पितो ते आपल्याला दिसतं, काय पीत नाही ते दिसत नाही.

आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. जिन्याच्या डावीकडे त्यांची खोली, उजवीकडे माझी, आणि मध्ये दोघांत मिळून एक संडास. त्याची कडी मोडलेली होती. घरमालकीण म्हणायची, "दोनच तर पुरुष आहात. कडी हवी कशाला?" म्हणून आमचा एक नियम होता. आत जाणाऱ्याने बाहेरच्या खिळ्यावर आपला टॉवेल अडकवायचा. त्यांचा निळा, माझा पट्ट्यापट्ट्यांचा. पहिल्या वर्षी आमच्यात जे काही बोलणं झालं, ते बहुतेक त्या टॉवेलांनीच केलं.

ते टॉवर क्रेन चालवायचे. बाजाराच्या मागे एक उंच इमारत उभी राहत होती. तिच्याशेजारी ती पिवळी क्रेन, आणि क्रेनच्या मानेपाशी काचेची पेटी. त्या पेटीत एक खुर्ची, हाताशी दोन दांडे, पायाखालीसुद्धा काच. माझ्या खिडकीतून ती दिसायची. सकाळी सगळ्यांच्या आधी ते शिडी चढून वर जायचे आणि सगळे गेल्यावर उतरायचे. डबा वरच खायचे.

साइटवर त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ते 'वरचा'. आणि जमिनीवर उभं राहून वॉकीटॉकीवर त्यांना सांगणारा माणूस, माल कधी उचलायचा, कुठे सोडायचा, तो 'खालचा'. कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "घाबरू नको, वरचा बघतोय." सगळे हसायचे. वरच्याला ते हसू ऐकू जात नसे.

मी साहित्यात एम. ए. केलं होतं आणि घरोघरी जाऊन शिकवण्या घ्यायचो. एकदा त्यांनी माझ्या दारात उभं राहून विचारलं, "एखादं जाड पुस्तक आहे का? वारा सुटला की काम बंद ठेवतात. मग नुसतं बसून राहावं लागतं." मी एक कादंबरी दिली. दोन आठवड्यांनी परत आली.

"कशी वाटली?"

"चांगलीये. पण यातली माणसं फार बोलतात."

काकू मुलीकडे असायच्या. भांडण वगैरे काही नव्हतं. क्रेन जाईल त्या गावी घर हलवून त्या कंटाळल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. नात आता शाळेत जाते. रविवारी फोन यायचा. भिंतीपलीकडून मला त्यांची बाजू ऐकू यायची. "हो. जेवलो. हो. बरंय. दे तिला." मग थोडं थांबून, "खेळायला गेली का? बरं."

दरवर्षी कंपनी त्यांची तब्येत तपासायची. त्या वर्षी रक्त कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, या वयात पुरुषाच्या अंगातलं लोह असं उगीच उतरत नाही. रक्त कुठूनतरी झिरपतंय. बहुतेक आतड्यातून. दुर्बीण घालून बघायला हवं. ते कळेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही.

कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पाने, दोरखंड, हातमोजे द्यायचे आणि परत घ्यायचे.

"कसं आहे खाली?" मी विचारलं.

"आवाज फार," ते म्हणाले.

त्यांना फक्त पुन्हा वर जायचं होतं. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी नीट व्हायला हवी होती. आणि ती नीट व्हायची तर आतडं आधी स्वच्छ धुऊन निघायला हवं होतं. एवढंच काम होतं. पहिल्या वेळी ते फसलं.

पहिल्या वेळी त्यांनी मला काही सांगितलंच नाही. एके दिवशी दुपारी मी शिकवणीहून आलो तर ते जिन्यात बसले होते. चक्कर आली होती, ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं काका?"

"ते दुर्बिणीचं. झालं नाही. आत काही दिसलंच नाही त्यांना. अर्ध्यातून परत फिरले." मग म्हणाले, "घाण होती."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू हातून माल सुटून खाली पडला होता.

"औषध घेतलं नव्हतं का?"

"घेतलं की. दोन पुड्या होत्या. दोन्ही घेतल्या."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. गुंगीचं इंजेक्शन नको म्हटलं. गुंगी घेतली तर सोबत माणूस लागतो म्हणतात."

पुन्हा तारीख घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर गेलो.

तिथली सिस्टर जाडजूड होती. चष्मा कपाळावर चढवलेला. तिने कागद बघितले आणि विचारलं, "कोणतं औषध घेतलं होतं?"

"ती लहान पुडी. संत्र्याच्या चवीची."

"चार पर्याय सांगितले होते ना तुम्हाला? मग तीच का?"

"त्यात पाणी कमी होतं."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. "वडील का तुमचे?"

"शेजारी."

"काका," ती त्यांच्याकडे वळली, "पुडी कपभर पाण्यात कालवतात, खरंय. पण ती काम कशी करते? तुमच्या अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेते. म्हणून वरून ग्लासावर ग्लास पाणी प्यायला सांगतो आम्ही. ते किती प्यायलात?"

"दोन घोट."

"दोन घोट! मग आतडं धुणार कशाने? माझ्या बोलण्याने?"

काका जमिनीकडे बघत राहिले. सिस्टरचा आवाज जरा खाली आला. तिने कपाटातून नमुने काढून टेबलावर मांडले.

"पुन्हा सांगते. ही मोठी पिशवी, चार लिटरची. चव खारट, साबणासारखी. आवडली म्हणणारा अजून भेटला नाही मला. पण जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. अंगातलं पाणी ओढत नाही. ही दुसरी, दोन लिटरची. आंबट लागते. हिच्यावर आणखी लिटरभर साधं पाणी. ही तिसरी, तुमची पुडी."

"गोळ्या पण असतात ना?" मी विचारलं.

"असतात. मूठभर. आणि त्यांच्यावर भरपूर पाणी. पाण्यातून सुटका कशातच नाही." तिने पेन उचललं. "काका, किडनीचा काही त्रास?"

"नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्हाला खडा झाला होता ना?"

"तो खडा होता. किडनीला काही नाही."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "मग खडा काय खिशात झाला होता?"

मला हसू आलं. काकांनाही आलं, पण त्यांनी ते तोंडावरून हात फिरवून पुसून टाकलं.

"किती वेळा झाला?"

"दोन-तीनदा."

"आणि मागच्या वेळी हे सांगितलं नाहीत. नशीब समजा नुसती चक्कर आली." तिने पुडी उचलून परत कपाटात ठेवली. "आता मोठीच घ्यायची. आधी किडनीची रक्ततपासणी. ती ठीक आली तर मग अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. दोन-तीन दिवस आधी साधं खाणं. पांढरा भात, ब्रेड. बिया नकोत, सालं नकोत. आदल्या दिवशी नुसतं पातळ, आरपार दिसेल असं. लाल रंगाचं काही नको. मळमळलं तर जरा थांबा, पण संपवा. पहाटेचं टाळलंत तर उजव्या बाजूचं आतडं पुन्हा झाकलेलं राहील. आणि यावेळी गुंगी घ्यायची. सोबत हा येईल."

हा म्हणजे मी.

परत येताना ते म्हणाले, "चार लिटर. एवढं पाणी मी आठवड्यात पीत नाही."

"का पीत नाही?"

"सवय."

रक्ततपासणीत किडनी थोडी थकलेली निघाली, पण औषध चालणार होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी घरमालकिणीने आपला मोठा जग दिला. "परत देताना त्यात काय होतं ते मला सांगू नका," ती म्हणाली. मग मला बाजूला घेऊन, "तू आज खालच्या संडासात ये. वरचा आज त्यांचा."

संध्याकाळी मी पावडर कालवली. पहिला ग्लास त्यांनी डोळे मिटून घेतला. दुसरा हातात धरून बसले.

"घ्या ना काका."

"घशाखाली उतरत नाहीये."

मी लिंबू आणलं. जग थंड करून आणला. नळीने प्यायचं सुचवलं. ते प्रत्येक वेळी ग्लास ओठांपर्यंत नेत आणि खाली ठेवत. नाटक नव्हतं ते. हात थांबायचा, जसा एखादा माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो. तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. ते म्हणाले, "हो. जेवलो. आवाज? सर्दी झालीये."

फोन ठेवला आणि मला म्हणाले, "खालच्याला बोलाव."

खालचे आले. मी त्यांना खिडकीतून, लांबूनच पाहिलं होतं, पिवळं हेल्मेट आणि दोन हात. दारात उभा होता तो एक किडकिडीत, टकला माणूस, कपाळावर हेल्मेटचा वळ. खांद्याला पिशवी. ते खुर्चीवर बसले. काका पलंगावर. दोघंही फरशीकडे बघत होते.

"बरंय?"

"बरंय."

"पितोयस ना?"

"नाही उतरत."

या दोघांनी इतकी वर्षं एकत्र काम केलं होतं. गावं बदलली, क्रेन बदलल्या, जोडी तीच राहिली. पण एक सगळ्यांच्या आधी चढायचा आणि सगळ्यांच्या नंतर उतरायचा. दुसऱ्याला ओळखायचा तो आवाजाने. एका खोलीत ते कधी बसलेच नसावेत.

खालचे चुळबुळ करायला लागले. शेवटी उठले. "मला नाही जमत इथे. याचं तोंड दिसतंय." पिशवीतून दोन वॉकीटॉकी काढले, एक माझ्या हातात दिला आणि जिना उतरून अंगणात गेले.

हातातलं यंत्र खरखरलं. "वरच्या. ऐकतोयस?"

काकांची पाठ ताठ झाली. मी बटण दाबून धरलं.

"बोल."

"ग्लास भरलाय?"

"भरलाय."

"उचल."

त्यांनी उचलला.

"सावकाश. तोंडाला लाव. आता सोड. सोड. अजून सोड. घाई नको. सोड. थांब. काय स्थिती?"

"रिकामा."

"बसला."

माल जागेवर टेकला की 'बसला' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय वरचा हूक सोडत नाही. मी दुसरा ग्लास भरला.

असं चाललं. पुढे निळा टॉवेल वरचेवर खिळ्यावर जायला लागला. एकदा खालून विचारणा झाली, "कुठे गेला?"

"टॉवेल लागलाय," मी म्हणालो.

"म्हणजे काम चालू आहे," खालचे म्हणाले. अंगणातून हसू ऐकू आलं, आणि लगेच यंत्रातून.

मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "ते पाणी पीत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"क्रेनवर कमीच पितात रे पोरा. उतरायचं कुठे? जे पितात ते बरोबर बाटली नेतात. रिकामी. कळलं ना? हा पण न्यायचा."

"मग?"

"मग एकदा ती पडली. केबिनच्या दाराशी ठेवली होती, पाय लागला असेल. माझ्याशेजारी येऊन फुटली, ओल्या काँक्रीटमध्ये. मी डोक्यापासून पायापर्यंत... वास काय सांगू तुला. सगळी साइट हसली. मी पण हसलो. महिनाभर मला अत्तर म्हणायचे. त्यानंतर यानं बाटली नेणंच बंद केलं. मला वाटलं, लाजला."

बटण सुटलं, पुन्हा दाबलं गेलं.

"मी हेल्मेट काढलं होतं तेव्हा," ते हळू म्हणाले. "घाम आला होता म्हणून."

माझ्या मागे दार वाजलं. काका आत आले होते. त्या घरात भिंती कसल्या, सगळं ऐकू जायचं. ते पलंगावर बसले. माझ्या हातातलं यंत्र घेतलं आणि बटण स्वतः दाबलं.

"भरलेली होती," ते म्हणाले. "तेवढ्या उंचीवरून दगडच तो. तुझं डोकं दिसत होतं मला. उघडं."

मी खिडकीशी गेलो. अंगणातल्या दिव्याखाली खालचे उभे होते. त्यांचा हात टकलावर होता. तो बराच वेळ तिथेच राहिला.

मला ते अजून नीट झेपलेलं नाही. लोक एकमेकांसाठी काय काय करतात याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. एका माणसाने दुसऱ्याच्या डोक्यापायी इतकी वर्षं तहान धरून ठेवली होती, खडे पाडून घेतले होते, आणि तहान लागलीये हे आता त्याला कळेनासं झालं होतं. आणि रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते दोघं एकमेकांशी बोलत होते. उचल. सोड. थांब.

यंत्र खरखरलं.

"ग्लास भरला का?"

मी जगातून ग्लास भरला. थोडं सांडलं.

"भरला," काका म्हणाले.

"उचल."

खालचे माझ्या खोलीत झोपले. पहाटे ते न सांगता उठून अंगणात गेले आणि उरलेलं अर्धं तसंच संपलं. शेवटी शेवटी काका संडासाच्या दारातून रंग सांगायचे, "फिका चहा." मग, "त्याहून फिका." मग, "पाणी." खालच्यांनी यंत्रातून विचारलं, "तळ दिसतोय?" काका म्हणाले, "दिसतोय." ते हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना तेवढंच पाहिलं.

यावेळी डॉक्टर आत शेवटपर्यंत जाऊ शकले. आतडं आरशासारखं होतं म्हणाले. उजव्या बाजूला, पहिल्या वेळी जिथे पोचताच आलं नव्हतं त्याच्याही पुढे, एक गाठ होती. रक्त तिथूनच झिरपत होतं. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला, पण लहान, आपल्या जागी बसलेला. कापून काढायचा.

रिपोर्ट आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग वर कधी?"

ऑपरेशनला काकू आणि मुलगी आल्या. काकू मांडीवर पिशवी घेऊन खाटेशेजारी बसून असायच्या. मुलगी म्हणायची, "सर्दी म्हणे सर्दी! बाबा, तुम्हाला काही वाटतं का?" ते म्हणायचे, "वाटतं ना." काय वाटतं ते सांगायचे नाहीत. निघताना काकू म्हणाल्या, "आता पुरे झालं. चला आमच्याकडे." ते म्हणाले, "बघू." काकूंनी पिशवीचे बंद आवळले. ते 'बघू' त्यांना जुनं होतं.

ते हॉस्पिटलात असतानाच इमारत पूर्ण झाली आणि क्रेन उतरवली. आधी लांब हात, मग काचेची पेटी, मग मनोरा तुकड्या-तुकड्यांनी. मी खिडकीतून बघत होतो. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"केबिन उतरली?"

"उतरली."

"कोणी उतरवली? खालच्याने सांगितलं ना सगळं?"

"तेच होते खाली."

ते भिंतीकडे वळले.

जखम भरली. रक्त वाढलं. पुन्हा तपासणी झाली आणि कंपनीने त्यांना वर जायला परवानगी दिली, पण दुसऱ्या गावी. खालच्यांना मात्र कंपनीने तिकडे पाठवलं नाही. त्यांच्या डोळ्यांना आता लांबचं अंधुक दिसायचं.

निघायच्या सकाळी खालचे आले. आम्ही तिघं जिन्यापाशी उभे होतो. एक पेटी, एक वळकटी.

"तिकडे खाली कोण आहे?"

"कोणी पोरगा आहे. भरभर बोलतो म्हणे."

"त्याला सांग, सावकाश."

"सांगतो."

"आणि बाटली?"

काकांनी खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. आत दोन बाटल्या होत्या. दोन्हींच्या गळ्याला जाड दोरी, दोरीच्या टोकाला पट्ट्यात अडकवायची कडी.

"एक भरून न्यायची," ते म्हणाले. "एक रिकामी."

खालच्यांनी एका दोरीला झटका देऊन बघितला. मग दुसरीला. गाठ पक्की होती. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बसला."

काका जिना उतरून गेले. खालचे थोडा वेळ माझ्याबरोबर तिथेच उभे राहिले. मग तेही गेले. कधी बाजारात दिसतात, लांबून ओळखत नाहीत. मी जवळ जाऊन बोललो की आवाजाने ओळखतात.

समोरची खोली अजून कोणी घेतलेली नाही. मुक्काम संपल्यासारखा मजला शांत असतो. घरमालकिणीने संडासाला नवी कडी बसवलीये.

मी मात्र अजून टॉवेल बाहेरच्या खिळ्यावर अडकवतो आणि मग आत जातो.